'पळा' म्हणायला काय झालं होतं?

फार पूर्वी, राजे पायी फिरायचे आणि लोक त्यांना तोंडावर नावं ठेवायचे, त्या काळी नदीकाठी एक छोटं राज्य होतं. राज्य कसलं, चार आळ्या, एक बाजार, एक देऊळ आणि टेकडीवर राजाचं घर. गोष्ट मुलांना सांगायची आहे म्हणून मी ती शांतपणे सांगायचा प्रयत्न करणार आहे. जमेल असं वाटत नाही.

त्या राज्यात एक म्हातारा दवंडीवाला होता. गळ्यात हलगी, आवाज खणखणीत आणि शब्द अगदी थोडे. पण त्या थोड्या शब्दांवर सगळं राज्य चालायचं. "ऐका हो ऐका! उद्या मोठी विहीर उपसणार. आजच पाणी भरून ठेवा!" एवढीच दवंडी.

मात्र दवंडी देऊन म्हातारा लगेच पुढे जायचा नाही. तिथली एक रीत होती. हलगी काखेत धरून तो विचारायचा, "सांगा, काय ऐकलंत?" मग आळीतल्या कुणीतरी ती बातमी स्वतःच्या शब्दांत त्याला उलट सांगायची. याला तिथले लोक परतबोल म्हणत. परतबोल चुकला तर म्हातारा न चिडता पुन्हा सांगायचा. बरोबर आला की मगच पुढच्या आळीत.

नदीआळीत परतबोल बहुधा हौसा द्यायची. "उद्या विहिरीवर जायचं नाही, घागरी आजच भरायच्या, असंच ना काका?" "अगदी असंच, पोरी." हौसाच्या घरी ती आणि तिचा म्हातारा सासरा, दोघंच. उन्हाळ्यात नदी आटून एका कडेला गेली की उरलेल्या वाळूत खड्डे करून, शेणखत भरून नदीआळीचे लोक कलिंगडाचे वेल लावत. हौसाचीही तिथे वाडी होती. सासऱ्याचे पाय अधू झालेले. ती त्याला सकाळी पाठीवर घेऊन वाळूत न्यायची आणि वाडीच्या टोकाला पाचटाच्या खोपीत बसवायची. तो दिवसभर बसल्या जागेवरून माकडं हाकलायचा, येणाऱ्या-जाणाऱ्याशी बोलायचा. संध्याकाळी पुन्हा सुनेच्या पाठीवर बसून घरी.

"आबा, तुम्ही जड झालात," ती म्हणायची.

"मी नाही, कलिंगडं खाऊन तूच सुस्त झालीस," म्हातारा म्हणायचा.

असं सगळं बरं चाललं होतं. मग शेजारच्या राज्यातून एक पाहुणा आला.

पाहुणा राजाबरोबर फिरत असताना त्याने ही दवंडी ऐकली आणि तो हसला. "महाराज, हे काय? आमच्याकडे गुराखी असं बोलतात. तुमच्या राजघोषणेला काही भारदस्तपणा?" झालं. राजाचं तोंड एवढंसं झालं. आपल्या राज्यात कुणी उपाशी आहे का, असं पाहुण्याने विचारलं असतं तर राजाला लाज वाटली नसती. भाषा साधी आहे म्हटल्यावर मात्र वाटली. मोठ्या माणसांना लाज वाटायच्या जागा वेगळ्याच असतात.

पाहुणा गेला आणि आठ दिवसांत राजाने एक पंडित नेमला. भरजरी उपरणं, कपाळावर गंध, आणि चालणं असं की जमीन आपल्या पायाखाली यायला लायक आहे की नाही ते आधी तपासून बघतोय. यापुढे दवंडी पंडिताने लिहायची आणि त्यानेच वाचायची. म्हाताऱ्याने मागून फक्त हलगी वाजवायची.

पहिल्याच दिवशी पंडिताने बाजाराबद्दल काहीतरी वाचलं. काय वाचलं ते मला सांगता येणार नाही, कारण ते कुणालाच सांगता आलं नाही. पण लोक खूष! "काय भाषा! काय वाणी!" नदीआळीतला मोठा व्यापारी तर डोळे मिटून मान डोलवत होता. पंडित निघाला तेव्हा सवयीप्रमाणे हौसा पुढे झाली. "थांबा की. परतबोल राहिला. म्हणजे आता नेमकं काय करायचं?"

पंडिताने तिच्याकडे पाहिलं. "बाई, माझे शब्द तुझ्या तोंडून ऐकण्याची मला हौस नाही. राजघोषणा श्रवण करायची असते. तिची चिरफाड करायची नसते."

लोक हसले. हौसाला हसले. तीच माणसं, ज्यांना स्वतःला एक अक्षर कळलं नव्हतं! मला पंडिताचा राग येतो, पण या हसणाऱ्यांचा त्याहून जास्त येतो. पंडिताला निदान पगार मिळत होता. हे फुकट हसत होते.

त्या दिवसापासून परतबोल बंद झाला. बाजाराचा वार बदलला होता, असं पुढच्या आठवड्यात कळलं. दूरदूरचे लोक डोक्यावर पाट्या घेऊन आले आणि रिकाम्या मैदानाकडे बघत उभे राहिले. कुणी पंडिताला दोष दिला का? छे. "आपलंच अज्ञान," असं म्हणून भाजी सुकवत घरी गेले. ज्याने घोळ घातला तो विद्वान आणि ज्याची भाजी सुकली तो अडाणी, असा तो हिशेब.

चैत्र संपत आला. नदीच्या वरच्या अंगाला, टेकड्यांच्या पलीकडे, राजाचा मोठा तलाव होता. एके दिवशी सकाळी तलावाचा राखणदार धावत राजाकडे आला. बिचारा शिकलेला नव्हता, म्हणून त्याने सरळ सांगितलं.

"महाराज, बांधाला चीर पडलीय. तलाव रिकामा केला नाही तर बांध फुटेल आणि गावच जाईल. परवा दुपारी मोरी उघडतो. नदीला काठोकाठ पाणी येईल. नदीत कुणाला थांबू देऊ नका."

राजाला हे पहिल्या झटक्यात कळलं. त्याने लगेच पंडिताला बोलावलं आणि म्हणाला, "लोकांना सांगा." दोन दिवस हातात होते. दोन दिवसांत माणसं काय, वाळूतली निम्मी कलिंगडंही काठावर आली असती.

पंडित घरी गेला, पाट मांडून बसला आणि दुपारपर्यंत शब्दांना शब्द जोडत राहिला. मग तो कागद राजापुढे आला. राजाने वाचला, पुन्हा वाचला, भुवया उंचावल्या आणि शिक्का मारला. ऊन कलल्यावर पंडित नदीआळीत उभा राहिला. हलगी वाजली. पंडिताने घसा साफ केला.

"समस्त पौरजनांस अवगत करण्यात येते की, परश्व मध्याह्नी ऊर्ध्वस्थ जलाशयातील संचित जलराशीचे निःसारण प्रयोजित असून, तत्पूर्वी सरित्पात्रस्थ समस्त चराचरांनी स्वस्थानत्यागपूर्वक उच्चभूमीचा आश्रय करावा!"

"वा!" व्यापारी म्हणाला.

"वा, वा!" आळी म्हणाली.

हौसा कोपऱ्यात उभी होती. मागच्या वेळच्या हसण्याने ती पोळलेली होती. तरी तिच्या कानाला एक शब्द अडकला, आणि काळजी माणसाला गप्प बसू देत नाही. ती पंडिताच्या वाटेत जाऊन उभी राहिली.

"पंडितजी, रागावू नका. तुम्ही जल म्हणालात. पाण्याचं काही आहे का? माझी वाडी नदीत आहे. सासरा दिवसभर तिथंच असतो, त्याला चालता येत नाही. आम्हाला काही करायचंय का?"

बघा, काय विचारलं तिने. याहून सरळ प्रश्न कुणी विचारू शकतं का? आणि उत्तर किती होतं? 'परवा नदीत जाऊ नका.' चार शब्द. लहान मूलही एका श्वासात सांगेल.

पंडित म्हणाला, "पुनरुक्ती हा वाणीचा दोष आहे." आणि पुढच्या आळीत निघून गेला.

हौसाने हलगीवाल्या म्हाताऱ्याला गाठलं. "काका, काय म्हणाले ते?"

म्हाताऱ्याने मान खाली घातली. "मला फक्त वाजवायला ठेवलंय, पोरी. मी मघाशी विचारलं, हे काय आहे म्हणून. तर म्हणाले, तू वाजव."

मग ती व्यापाऱ्याकडे गेली. तो शिकलेला होता, त्याच्याकडे पोथ्या होत्या. "शेठ, तुम्हाला तर कळलं असेल."

"कळलं म्हणजे काय! न कळायला काय झालं?" व्यापारी म्हणाला. "राजाची थोरवी सांगितलीय त्यात. तुझ्या-माझ्या कामाचं काही नाही."

त्याला कळलं नव्हतं. 'मलाही नाही कळलं, चल, दोघं मिळून विचारू,' एवढं त्याने म्हणायला हवं होतं. पण चार लोकांत अडाणी ठरायचं म्हणजे त्याला मरणाहून वाईट वाटत होतं. मरण अर्थातच दुसऱ्याचं.

तिसऱ्या दिवशी सकाळी हौसाने सासऱ्याला पाठीवर घेतलं, खोपीत बसवलं, पाण्याचा तांब्या आणि भाकरी जवळ ठेवली, आणि ती वाडीच्या दुसऱ्या टोकाला कलिंगडं तोडायला गेली. आख्खी नदीआळी त्या दिवशी वाळूत होती. कलिंगडं तयार झाली होती आणि गावातल्या बायका टोपल्या घेऊन विकत घ्यायला उतरल्या होत्या.

दुपारी पंडित घाटावर आला. पाणी येईल तेव्हा नदीचं स्वागत करायला त्याने एक स्तोत्र रचलं होतं, ते म्हणायला. घाटाच्या वरच्या पायरीवर उभं राहून त्याने खाली पाहिलं. वाळू माणसांनी भरलेली. हे बघूनही त्याला घाम फुटला नाही. त्याला वाटलं, यांना आपण कळवलेलं आहे.

मग त्याला त्या माणसांत आपली बायको दिसली.

ती हौसासमोर बसून कलिंगडावर टिचक्या मारत होती, पिकलंय का ते बघत. तिनेही दवंडी ऐकली होती, ओसरीवर तांदूळ निवडता निवडता. नवऱ्याचं काहीतरी चाललंय, एवढंच तिला समजलं होतं.

तेवढ्यात वरच्या वळणावरून पाण्याचा आवाज आला.

पंडिताने स्तोत्राचा कागद टाकला आणि बेंबीच्या देठापासून ओरडला, "अगं ए! पळ! पाणी सोडलंय! वर ये! पळ, पळ!"

सगळ्यांना कळलं. म्हाताऱ्यांना, पोरांना, ज्याला कमी ऐकू यायचं त्यालासुद्धा. एकानेही 'म्हणजे काय?' असं विचारलं नाही. माणसं टोपल्या टाकून काठाकडे धावली. पंडिताची बायको धावली आणि वाचली.

हौसा काठाकडे धावली नाही. ती उलट दिशेने, खोपीकडे धावली. वाळूत पाय रुतत होते. म्हातारा खोपीच्या बांबूला धरून अर्धा उठला होता. "माघारी जा! हौसा, जा तू!" तो ओरडत होता. तिने ऐकलं नाही. त्याला पाठीवर घेतलं आणि निघाली. वाळू पार करायला नेहमी जेवढा वेळ लागायचा, त्याच्या निम्माही वेळ पाण्याने दिला नाही. आधी घोटे, मग गुडघे, मग कंबर. काठापासून दहा हातांवर तिचा पाय सुटला. दोन तरुणांनी दोर टाकून हौसाला ओढून काढलं. पाठीवर कुणी नव्हतं.

म्हातारा दुसऱ्या दिवशी खालच्या गावाजवळ सापडला. आजूबाजूला सगळीकडे कलिंगडं तरंगत होती.

तेराव्यानंतर हौसा दरबारात गेली. राजाने पंडिताला बोलावलं. पंडित आला, उपरणं सावरलं आणि म्हणाला, "महाराज, घडलं ते शोचनीय आहे. तथापि माझ्या कर्तव्यात कसूर नाही. दोन दिवस आधी, चारही आळ्यांत, एकही अक्षर न चुकता घोषणा झाली. हा पहा आपला शिक्का."

राजाने सुटकेचा श्वास घेतला. त्याने दरबारात जमलेल्या लोकांना विचारलं, "घोषणा कुणाला कळली नव्हती? ज्याला कळली नव्हती त्याने हात वर करावा."

एकही हात वर झाला नाही.

आता सांगा, राग येणार नाही तर काय होणार? ती सगळी माणसं त्या दुपारी वाळूत होती. जीव मुठीत धरून पळाली होती. घोषणा कळली असती तर ती तिथे गेली असती का? एक म्हातारा बुडाला होता, त्याची सून समोर उभी होती, आणि तरीसुद्धा 'मला कळलं नाही' म्हणायला जीभ उचलत नव्हती. व्यापारी स्वतःच्या जोड्याकडे बघत होता.

"मला कळलं नव्हतं," हौसा म्हणाली. "आणि मी विचारलं होतं."

मागून एक बाई पुढे आली. पंडिताची बायको.

"मलाही कळलं नव्हतं," ती म्हणाली. "एका घरात राहून."

पंडित संतापला. "ही घोषणा होती! घरगुती गप्पा नव्हेत. राजभाषेला एक दर्जा असतो. सामान्यांना ती कळत नसेल, तर त्यांनी आपली पातळी वाढवावी."

हौसा त्याच्यापुढे जाऊन उभी राहिली. रडून झालं होतं, आता तिच्या डोळ्यांत पाणी नव्हतं.

"त्या दिवशी घाटावरून तुम्ही काय ओरडलात, पंडितजी?"

पंडित उपरणं सावरू लागला.

"सांगा की. दोनशे माणसांनी ऐकलंय. पळ म्हणालात. पाणी सोडलंय म्हणालात. वर ये म्हणालात. इतके दिवस मला वाटायचं, बिचाऱ्याला साधं बोलताच येत नाही. विद्येने जीभ बांधून टाकलीय. म्हणून मी तुम्हाला माफसुद्धा केलं असतं. पण शब्द तर होते तुमच्याजवळ! सगळे होते. बायको दिसल्याबरोबर तोंडातून बाहेर पडले. मी वाटेत उभी राहून विचारत होते, माझा सासरा नदीत बसलाय म्हणून सांगत होते, तेव्हा ते शब्द कुठं ठेवले होते?"

पंडित शिक्क्याच्या कागदाची घडी घालू लागला. एवढ्या मोठ्या शब्दभांडारातून त्याला देण्यासारखं काही सापडलं नाही.

राजा घाईने म्हणाला, "बाई, याला मी पदावरून काढतो. राज्याबाहेर घालवतो. आणखी काय शिक्षा देऊ ते तू सांग."

"शिक्षा तुमची तुम्ही ठरवा," हौसा म्हणाली. "मला एकच सांगा, महाराज. त्या कागदावर शिक्का मारलात, तेव्हा त्यातलं तुम्हाला कळलं होतं का?"

राजाने पंडिताकडे पाहिलं, मग लोकांकडे. लोकांनी नजर चुकवली. तो म्हणाला, "नाही."

"मग विचारलं का नाहीत?"

"लाज वाटली."

हौसाने मान हलवली. ती दरबारातून निघाली, तेव्हा वाटेतले लोक बाजूला झाले. कुणीतरी म्हणालं, "हौसा, आमचंही चुकलं गं." ती थांबली नाही. घरी तिला वाट बघणारं कुणी नव्हतं, तरी ती घरीच गेली.

तात्पर्य: आपल्या माणसाला जीव वाचवायचे शब्द सोप्या भाषेत सांगतो आणि दुसऱ्याला तेच अवघड करून सांगतो, त्याची भाषा मोठी नसते, त्याला समोरचा माणूस आपला वाटत नसतो, एवढंच. आणि न कळता मान डोलावणारे त्याच्या पापात निम्मे वाटेकरी असतात.